आमची पेरणी हीच आमची एलसी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपलं वृत्तपत्र मी मोबाइलवर वाचते. छापील अंक पुण्याहून कुणी आलं तरच हाती लागतो, तोही चिवड्याच्या डब्याला गुंडाळलेला. कांदा, द्राक्षं, साखर यांच्या निर्यातीबद्दल आपल्याकडे बरंच येतं आणि मी ते सगळं वाचते. कांदा लासलगावचा असो की आमच्या इंदूरचा, दिल्लीहून हुकूम सुटला की दोन्हीकडे भाव एकदमच पडतो. फरक इतकाच, की तिकडचं तुम्ही छापता. नर्मदेच्या उत्तरेलाही मराठी बोलणारा शेतकरी आहे, त्याचं एक पत्र जागा असेल तर छापावं.

माझं घर रामबागेत आणि शेत सांवेर तहसिलीत, खान नदीपासून थोडं आत. चार हेक्टर, म्हणजे आमच्या बोलीत वीसएक बीघे. आजेसासऱ्यांनी होळकरशाहीत घेतलेली काळी जमीन. मिस्टर २०१४ साली गेले, तोवर मी शेतावर जायची ती फक्त ओला हरभरा भाजून खायला. नंतर जावं लागलं. ते रोजचा मंडीभाव डायरीत लिहून ठेवायचे, ती सवय मी मोडली नाही. पुढे माझ्या विक्रीचे जे आकडे येतील ते त्या डायऱ्यांतले आहेत.

आधी यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या खरिपाच्या, सोयाबीनचं सांगते. समर्थन मूल्य (तुमच्याकडे हमीभाव म्हणतात) ५३२८ रुपये होतं. ऑक्टोबरच्या शेवटी ट्रॉली भरून मंडीत गेले. कापणीच्या तोंडावर पाऊस झाला होता आणि त्याआधी पिवळ्या मोझॅक रोगाने झाडं निम्मी झाली होती. तीन हेक्टरांत ३३ क्विंटल निघालं. मंडीत लिलाव म्हणजे व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीवर सरकत जातो. पुढचा माणूस कोपरापर्यंत हात ढिगात खुपसतो, खालची मूठ वर काढतो, तळव्यावर फुंकर मारतो आणि एक दाणा दाढेखाली धरतो. दाणा कट्कन तुटला तर माल सुका. माझा तुटला नाही, दबला. "नमी है माताजी," तो म्हणाला आणि दाणा बाजूला थुंकला. बोली छत्तीसशेवर थांबली. एवढा सगळा प्रकार दोन मिनिटांचा. चार महिन्यांचं पीक आणि दोन मिनिटांत निकाल, याचं आता मला काही वाटत नाही, पण तो थुंकलेला दाणा मात्र दरवर्षी डोळ्यांपुढे राहतो.

राज्य सरकारने यंदा भावांतर योजना परत आणली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. माल मंडीत व्यापाऱ्यालाच विकायचा. मंड्यांतल्या सरासरी भावावरून सरकार एक 'मॉडल रेट' काढतं आणि समर्थन मूल्य व मॉडल रेट यांतला फरक तुमच्या खात्यात भरतं. पहिला मॉडल रेट ४०२० रुपयांचा निघाला, म्हणजे फरक साधारण १३०० चा. माझे मंडीतले ३६०० आणि सरकारचे १३००, झाले ४९००. समर्थन मूल्याला ४२८ रुपये कमी पडले, कारण मॉडल रेट सगळ्यांच्या मालाचा असतो आणि माझा दाणा माझ्याच पावसात भिजलेला असतो. ३३ क्विंटलला ४२८ प्रमाणे १४ हजारांवर गेले. पीएम किसानचे सहा हजार आणि राज्याचे सहा हजार मिळून वर्षाला १२ हजार मिळतात. ते इथेच गेले, वर दोन हजार अंगावर.

तरी ही तक्रार नाही. पैसे वेळेवर आले, दारी कुणी मागायला आलं नाही, खात्यात आले. २०१७ साली ही योजना पहिल्यांदा निघाली तेव्हा सोयाबीनचं समर्थन मूल्य ३०५० होतं आणि पहिल्या पंधरवड्याचा मॉडल रेट २५८०, म्हणजे ४७० चा फरक. त्या वर्षी जूनमध्ये मंदसौरकडे गोळीबार झाला होता, शेतकरी मेले होते, आणि त्यानंतर सरकारने आठ रुपये किलोने कांदा घेतला होता. तो कांदा उचलायला जागा नव्हती. मंडीबाहेर ट्रॉल्यांच्या रांगा लागल्या आणि घेतलेल्यातला पुष्कळ सडला. त्या मानाने आता बरंच सुधारलं आहे, हे लिहायला मला संकोच नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. पडलेला भाव भरून द्यायला सरकार धावतं. पण तो भाव कितीदा सरकारच्याच एका कागदाने पडलेला असतो, त्याचा हिशेब कुठल्याच पोर्टलवर नाही.

सोयाबीनचंच बघा. मालव्यात हे पीक जुनं नाही. साठ-सत्तरच्या दशकापर्यंत आमची काळी जमीन पावसाळ्यात बरीचशी पडीक असायची, चिखलात नांगर चालत नसे म्हणून. त्या पडीक पावसाळ्यात सोयाबीन आलं. इथेच खंडवा रोडवर १९८७ पासून सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं जेएस ३३५ हे वाण तर विदर्भ-मराठवाड्यातही सगळ्यांना माहीत आहे. लोकांना वाटतं सोयाबीन म्हणजे तेल. दाण्यात तेल असतं जेमतेम १८ टक्के. बाकीची पेंड, मंडीतला शब्द डीओसी. ती कोंबड्यांच्या खाद्यात जाते आणि परदेशात जाते. आपलं सोयाबीन जीएम (जनुकं बदललेलं) नाही, म्हणून युरोपात तिला गिऱ्हाईक आहे. थोडक्यात, माझा भाव तेलाच्या डब्यापेक्षा पेंडीच्या पोत्यावर जास्त ठरतो. आता इथेनॉलच्या कारखान्यांतून मक्याचा आणि तांदळाचा चोथा निघतो, डीडीजीएस म्हणतात त्याला, तो कोंबडीवाल्यांना स्वस्त पडतो. ते बाजाराचं झालं, त्यावर कुणाशी भांडणार?

पण २०२१ चं काय? त्या जूनमध्ये मी ९५०० रुपये क्विंटलने बियाणं घेतलं. भाव चढत होता, जुलै-ऑगस्टमध्ये मंडीत दहा हजारांच्या घरात गेला. आमच्याकडे तेव्हा विकायला पोतंभरही नव्हतं. तो भाव साठेवाल्यांचा. आणि ऑगस्टच्या शेवटी, शेंगा भरत असताना, केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी दिली. ज्या देशात जीएम सोयाबीन पेरायला बंदी, तिथे. कोंबडीवाले अडचणीत होते, त्यांचंही खोटं नव्हतं. पण माझं सोयाबीन ऑक्टोबरमध्ये ५२०० ने गेलं. समर्थन मूल्य तेव्हा ३९५० होतं, म्हणजे कागदावर मी फायद्यात! साडेनऊ हजारांचं बी पेरून बावन्नशेला विकलेलं सोयाबीन कुठल्या रकान्यात भरायचं, ते मला पटवारी (तुमच्याकडचा तलाठी) सांगू शकला नाही, बँकवाला सांगू शकला नाही.

मग गहू. हे जरा सविस्तर सांगते, कारण या पत्राचं मूळ तिथे आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया-युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि मार्चपासून आमच्या मंडीत सगळे एकच बोलू लागले: एक्स्पोर्ट. राज्य सरकारने जाहीर केलं, निर्यातीच्या गव्हावरचा मंडी टॅक्स परत देऊ. समर्थन मूल्य २०१५ होतं आणि मंडीत त्यापेक्षा दीड-दोनशे जास्त मिळत होते. सोसायटीच्या खरेदीकेंद्रावर कुणी फिरकेना. मी निम्मा गहू विकला आणि ४० क्विंटल ठेवला. ज्या आडत्याने मला हे सुचवलं तो आजही समोर आला की पानाचं कारण काढून वळतो. १२ मेला केंद्राने सांगितलं की गव्हाची निर्यात वाढवायला आमची शिष्टमंडळं मोरोक्को, ट्युनिशिया, इंडोनेशिया, तुर्कस्तान अशा नऊ देशांत जाणार. मी ते मिस्टरांच्या फोटोखाली बसून वाचलं आणि मनात म्हटलं, चला, यंदा विहिरीचं काम निघतंय. १३ मेला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, निर्यातबंदीचा हुकूम निघाला. शुक्रवार होता. सोमवारी मंडीत गेले तर माझ्या गव्हाला १८० रुपये कमी बोली. कांडला बंदरावर हजारो ट्रक गव्हासकट उभे राहिले, त्यातले पुष्कळ आमच्याच राज्यातले.

कारण दिलं गेलं की मार्चच्या उन्हाने उत्पादन घटलं आणि भाव भडकले. खरं होतं. दाणा बारीक पडलाय हे एप्रिलमध्ये माझ्या खळ्यातही दिसत होतं. मला जे एप्रिलमध्ये चाळणीत दिसलं ते दिल्लीला १२ मेपर्यंत का दिसलं नाही, एवढंच विचारायचं आहे.

त्या हुकमातली एक ओळ मात्र मी डायरीत उतरवून घेतली. ज्या निर्यातदारांची एलसी, म्हणजे बँकेचं पक्कं पतपत्र, हुकमाच्या तारखेपर्यंत निघालेलं असेल, त्यांचा माल जाऊ द्यावा. बरोबर आहे. सौदा झाला, पैसे अडकले, शब्द दिला, आता मधेच नियम बदलला तर त्याचं नुकसान त्याच्यावर टाकू नये. हा न्याय सरकारला समजतो, हे त्या ओळीवरून कळलं. मग माझं काय? मी नोव्हेंबरमध्ये पेरलं. बी, डीएपी खताची १२०० ची पोती, तीही रांगेत उभं राहून, डिझेल, चार पाणी. पैसे अडकले ते तेव्हाच. पटवाऱ्याने गिरदावरीत (तुमच्याकडची पीकपाहणी) लिहून घेतलं की या खसऱ्यात, म्हणजे गटात, एवढा गहू उभा आहे. सरकारी दफ्तरात तारखेनिशी, क्षेत्रासकट. निर्यातदाराची एलसी बँकेत असते, माझी गिरदावरीत आहे. त्याची मानली जाते, माझी नाही.

कांद्यात तर याहून वाईट झालं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मी आठ बीघ्यांत खरिपाचा कांदा लावला. रोपं उपटून बांधावर ठेवली होती त्याच आठवड्यात निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. ठीक, म्हटलं, निदान कळलं तरी. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलरचा किमान निर्यातदर ठरला. आणि ८ डिसेंबरपासून सरळ बंदी, ३१ मार्चपर्यंत. चार महिन्यांत एकाच पिकाला तीन नियम. खरिपाचा कांदा टिकत नाही, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पात कापली की थोड्याच दिवसांत त्याला मोड दिसू लागतात. रबीचा असता तर विटांवर रचून पंखे लावून ठेवला असता. ५ डिसेंबरला चोइथराम मंडीत माझी पहिली ट्रॉली ३२ रुपये किलोने गेली. १२ डिसेंबरला दुसरी गेली १६ ने. तोच वाफा, त्याच बायकांनी काढलेला. त्या बायकांना मजुरी मी पहिल्या ट्रॉलीच्या हिशेबाने कबूल केली होती, तीच दिली. आमचा हुकूम मधेच निघत नाही.

ही बंदी पुढे वाढली. बाकीच्या राज्यांचा कांदा अडलेला असताना एप्रिलमध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याचे २००० टन सोडले, त्यावर तुमच्याकडे जी ओरड झाली ती मी वाचली आहे. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरच्या किमान दराची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरमध्ये अट गेली आणि शुल्क २० वर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. माझा कांदा तोवर कुणाच्या तरी भजीत जाऊन सव्वा वर्ष झालं होतं.

शहरात राहते म्हणून दुसरी बाजूही मला ठाऊक आहे. आमच्या वाड्यात खाली तीन भाडेकरू आहेत. कांदा साठ-सत्तर झाला की त्या बायका जिन्यात मला गाठतात, जणू मीच चढवला. २०२१ मध्ये तुरीची आयात खुली झाली, तेव्हापासून वरणाचा डबा भरताना मला स्वतःलाही बरं वाटतं, तूर आमच्या शेजारच्या शेतात उभी असूनसुद्धा. महागाई आवरू नका असं मी म्हणत नाही. सरकारचा तो हक्क आहे. पण त्याची किंमत कोणी भरायची? दरवेळी नेमक्या त्याच माणसाने, ज्याचा माल त्या आठवड्यात मंडीच्या दारात उभा आहे?

आणि आधी कळलं की शेतकरी वागतो शहाण्यासारखा, याचाही दाखला माझ्याकडे आहे. ३० मे २०२५ ला केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क निम्मं केलं, २० चं १०. सोयाबीनच्या दृष्टीने वाईट बातमी. पण ती पेरणीच्या तीन आठवडे आधी आली. मी पाच बीघे सोयाबीन कमी करून तिथे मका लावला. पुढे मक्याचाही भाव आपटला, तो भाग वेगळा. ती चूक माझी होती, तिच्यावर मला दिल्लीला नावं ठेवता आली नाहीत, आणि खरं सांगते, स्वतःच्या चुकीचा तोटा पचवायला सोपा जातो.

म्हणून माझी मागणी लहान आहे. मे-जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळ खरिपाचे हमीभाव ठरवतं, ऑक्टोबरच्या सुमाराला रबीचे. त्याच बैठकीत त्या-त्या पिकाच्या आयात-निर्यातीचा नियमही ठरवून टाका: शुल्क किती, अट कोणती, आणि तो आवक संपेपर्यंत चालेल. बंदी घालायचीच असेल तर पेरणीआधी घाला, मी दुसरं काही लावीन. आणि मधेच तसं संकट आलंच, उन्हाने दाणा बारीक झाला, कुठे युद्ध पेटलं, तर हुकूम जरूर काढा, पण हुकमाच्या आधीच्या पंधरवड्याचा भाव आणि नंतरचा भाव यांतला फरक गिरदावरीत ज्याचं पीक आहे त्याला द्या. यंत्रणा नवी नको. भावांतरची सगळी व्यवस्था तयारच आहे: नोंदणी, अनुबंध पर्ची (सौद्याची), तौल पर्ची (वजनाची), आधारशी जोडलेलं खातं. फक्त गणित समर्थन मूल्यापासून न करता हुकमाच्या तारखेपासून करायचं. पैसा कुठून आणायचा म्हणाल, तर कांद्यावर ४० टक्के शुल्क घेतलं होतंत ना, तिथून सुरुवात करा.

मॉडल रेटऐवजी माझ्याच पर्चीवरचा भाव धरा, असंही मी म्हटलं असतं, पण मग व्यापारी आणि शेतकरी संगनमताने पर्चीवर कमी भाव लिहितील हे मलाही कळतं. आमच्यात सगळेच काही संत नाहीत.

आत्ता शेतात गहू ओंबीवर आहे. अर्ध्यात लोकवन, अर्ध्यात पूसा तेजस, इंदूरच्याच गहू केंद्राचा कठिया (कडक दाण्याचा) गहू, बाफल्यांना, म्हणजे उकडून भाजलेल्या बाट्यांना, छान. कोथरूडला माझ्या वन्सं आहेत, त्यांना दरवर्षी लोकवनचे सहा कट्टे ट्रान्सपोर्टने जातात. भाव मी भाऊबीजेला सांगते, गहू निघतो मार्चमध्ये. मागच्या वर्षी किलोला ३२ सांगितले होते आणि मंडीत तसलाच माल ३४ ला गेला. वन्संना मी ३२ नेच दिला. यंदाही ३२ सांगितले आहेत. परवा त्यांचा फोन होता, डबे घासून उन्हात ठेवलेत म्हणून.

आपली,
एक शेतकरीण, रामबाग, इंदूर
(नाव छापू नये ही विनंती. मार्चमध्ये त्याच मंडीत जायचं आहे.)